परत आलेला पंप

"मिस्त्री, राग मानू नका, पण हा परत आणलाय," असं म्हणत जीपवाल्याने फडक्यात गुंडाळलेला पंप बाकावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरून उभा राहिला.

मिस्त्रींनी चष्म्यावरून आधी पंपाकडे पाहिलं, मग जीपवाल्याकडे.

"काय करतो?"

"सकाळी गाडी चालूच होत नाही. वीस वीस मिनिटं स्टार्टर मारत बसतो. बॅटरी रडकुंडीला आली. एकदा चालू झाली की बरी चालते, पण चढ आला की दम टाकते. बायको म्हणते, गाडी तुमच्या वळणावर गेलीय."

एरवी मिस्त्री यावर पोट धरून हसले असते आणि वर जीपवाल्याच्या बायकोची बाजूही घेतली असती. आज त्यांनी नुसतं "ठेवून जा" म्हटलं. जीपवाला गेला तरी ते पंपाला हात लावायला तयार होईनात. पंधरा दिवसांत परत आलेला हा तिसरा पंप होता. पहिला एका टेम्पोचा, दुसरा डॉक्टरबाईंच्या जुन्या गाडीचा आणि आता हा.

मिस्त्रींचा पंप परत येत नसे. चाळीस वर्षांत एकदाच आला होता. तेव्हा त्या गाडीवाल्याने टाकीत पेट्रोलच्या जोडीला स्वस्तातलं रॉकेल ओतलं होतं, आणि मिस्त्रींनी नुसत्या वासावरून ते ओळखून त्याला असं झापलं होतं, की तो माणूस पुढे कित्येक वर्षं दुकानावरून जाताना गाडीचा वेग वाढवायचा.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक लांब बाक, त्यावर एक शेगडीसारखा काळा पडलेला पत्र्याचा ट्रे, भिंतीवर फळी, आणि मागे स्वयंपाकघरात उघडणारं दार. काम एकच, जुन्या इंजिनांचे पेट्रोल पंप. जुन्या गाडीत पेट्रोल टाकीतून इंजिनापर्यंत आपल्या पायांनी चालत येत नाही. त्यासाठी इंजिनाच्या कुशीला मुठीएवढा पंप बसवलेला असतो. इंजिन फिरलं की त्याची दांडी खालीवर होते, आतला रबरी पडदा हलतो, दोन चिमुकल्या झडपा आळीपाळीने उघडमीट करतात आणि पेट्रोल पुढे जातं. नव्या गाड्यांत हेच काम टाकीत बुडवून ठेवलेली मोटर करते, आणि ती बिघडली की फेकून देतात. "ती दुरुस्ती नव्हे, ते केर काढणं," असं मिस्त्रींचं मत होतं, आणि ते न विचारताही मिळत असे.

पंप जोडून झाला की तपासणी. पेट्रोल ओढायच्या तोंडावर मिस्त्री उजवा अंगठा दाबून धरत, डाव्या हाताने दांडी तीनदा हलवत, आणि डोळे मिटून मनातल्या मनात पंधरापर्यंत मोजत. अंगठ्याचं कातडं आत खेचलं जायला हवं आणि पंधरापर्यंत ती ओढ ढिली पडता कामा नये. ढिली पडली तर समजायचं, एखादी झडप नीट बसत नाही. असा पंप पेट्रोल उडवून दाखवतो, दिसायला अगदी साळसूद, पण गाडी रात्रभर उभी राहिली की सगळं पेट्रोल मागे सोडून देतो. पंधरा पूर्ण झाले की पंप फळीवर. मोठ्या गॅरेजमध्ये याच कामाला ओढ मोजणारं गेज लावत. तिथून आलेले पंपही शेवटी मिस्त्रींच्या बाकावर दिसत, त्यामुळे गेजविषयी त्यांना फारसा आदर नव्हता. लोक त्यांना कौतुकाने अंगठेबहाद्दर म्हणत. मिस्त्री मॅट्रिक होते, तेही पहिल्या फटक्यात. "सही पण येते बरं का मला," असं ते प्रत्येकाला ऐकवत.

"कोणाचा आला हो?" आतून बायकोने विचारलं.

"जीपवाल्याचा."

"कधी जोडलेला?"

"झाले असतील दहा-बारा दिवस. तुला काय करायचंय?"

आतलं लाटणं थांबलं आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झालं. बायको चारच दिवसांपूर्वी लेकीकडून परतली होती. नातू झाला होता, म्हणून दहा दिवस राहून आली. त्या दहा दिवसांत मिस्त्रींनी दोन्ही वेळा अंडी उकडून खाल्ली होती आणि आता अंडं हा शब्द काढला तरी त्यांना मळमळत होतं.

मिस्त्रींचा सगळा संशय रबरावर होता. महिन्याभरापूर्वी त्यांनी पडद्यांचा नवा डबा आणला होता. तो काखोटीला मारून ते तरातरा सुट्या भागांच्या दुकानात गेले.

"हे रबर आहे की चिंध्या? तीन पंप परत आले माझे."

दुकानदाराने एकेक पडदा काढून उजेडासमोर धरला, ताणला, दुमडला. "मिस्त्री, छिद्र नाही, भेग नाही. हाच डबा चार जणांनी नेलाय. कोणाची तक्रार नाही."

"त्यांना कळत नसेल."

"असेल," दुकानदार म्हणाला. तो तसा भला माणूस, पण दुपारची झोपेची वेळ होती आणि तोंडावर ताबा नव्हता. "आता नाचता येईना अंगण वाकडं म्हटलं तर माझ्या अंगणाला काय बोलता येतं?"

मिस्त्रींनी डबा उचलला. तो पुन्हा काखोटीला मारला आणि घरची वाट धरली.

डॉक्टरबाईंचा पंप त्यांनी पुन्हा उघडला. पडदा बदलला, झडपा धुतल्या, जोडला, अंगठा लावला, डोळे मिटले. पंधरा. ओढ पक्की होती. या वेळी तो फळीवर न ठेवता रात्रभर उशाशी ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीआधीच ते स्वतः तो घेऊन बाईंच्या घरी गेले. बाई सत्तरीच्या, दवाखाना बंद करून बसलेल्या, पण जुने पेशंट बघायला अजून त्याच जुन्या गाडीतून हिंडणाऱ्या. आवाज असा, की पेशंट निम्मे तिथेच बरे व्हायचे.

पोर्चमध्ये बॉनेट उघडून मिस्त्रींनी पंप बसवला. बाईंनी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, सुरू झालं, दहा मिनिटं छान चाललं. मग बंद करून त्यांनी चहा घेतला, अर्ध्या तासाने पुन्हा किल्ली फिरवली, आणि इंजिन नुसतं कण्हत राहिलं. पेट्रोल मागे गेलं होतं.

"असू दे, मिस्त्री. गाडीचं वय झालं," बाई म्हणाल्या.

"गाडीला काही झालेलं नाही," मिस्त्री तोंडातल्या तोंडात म्हणाले आणि पंप पुन्हा सोडवायला लागले.

"अहो, रक्त येतंय."

"कुठे?"

"तुमच्या अंगठ्यातून, आणखी कुठून! माझ्या गाडीला रक्त नाही."

मिस्त्रींनी पाहिलं. पत्र्याच्या धारेने उजवा अंगठा चांगला अर्धा इंच चिरला होता आणि पंपावर, पान्यावर, बॉनेटवर लाल ठिपके पडले होते. मिस्त्री त्या ठिपक्यांकडे असे पाहत राहिले, जणू ते दुसऱ्याच कोणाचे होते.

बाईंनी त्यांना पायरीवर बसवलं, अंगठा धुतला, पट्टी बांधली. त्यात त्यांनी जखमेवर औषध चोळलं तेव्हा मिस्त्रींच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही. बाई थबकल्या. घरातून त्या टाचणी घेऊन आल्या.

"डोळे मिटा. अंगठ्याच्या टोकाला टोचलं की सांगायचं."

"लहान मूल आहे का मी?"

"मिटा म्हणते ना!"

मिस्त्रींनी डोळे मिटले. "हं, टोचलं." थोड्या वेळाने, "आता टोचलं." मग जरा थांबून, खात्रीने, "हे बघा, आता."

मग त्यांनी डोळे उघडले. बाई टाचणी हातात धरून त्यांच्याकडे बघत होत्या. टाचणी अंगठ्यापासून वीतभर लांब होती.

"मी अजून सुरुवातच केली नाही, मिस्त्री."

मग त्यांनी खरोखर टोचून पाहिलं, आणि मिस्त्री उघड्या डोळ्यांनी बघत बसले. टाचणी कातड्यात जाताना दिसत होती. कळत नव्हती.

"साखर कधी तपासली होती?"

"मी गोड खात नाही."

"तसं नसतं ते. उद्या सकाळी उपाशीपोटी या. हे काही आजचं नाही. दोन वर्षं तरी झाली असणार. हळूहळू जातं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही."

"परत येईल?"

बाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "आहे ते सांभाळता येईल. गेलेलं परत येईल असं खोटं सांगणार नाही मी तुम्हाला."

मिस्त्री पंप पिशवीत घालून चालत घरी निघाले. वाटेत एकदोघांनी हाक मारली, त्यांना ओ द्यायचं राहिलं. काल अंगठा लावला होता तेव्हा ओढ लागली होती. चांगली लागली होती! म्हणजे ती अंगठ्यात नव्हतीच. चाळीस वर्षांच्या सवयीने डोकं आपलं आपण पंधरापर्यंत मोजत होतं आणि अंगठ्याला कोणी विचारतच नव्हतं. मिस्त्रींना अपमान झाल्यासारखं वाटलं, आणि अपमान करणारा माणूस तेच होते, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती.

"दुकान बंद करतोय," जेवताना त्यांनी जाहीर केलं.

बायकोचा हात ताटाशी थांबला. "आणि मग करणार काय?"

"बसेन."

"तुम्हाला बसता येत नाही. मागे तापात दोन दिवस घरी बसलात, तर माझ्या सगळ्या डब्यांची झाकणं अदलाबदल करून ठेवलीत. अजून एक झाकण सापडत नाही."

"अगं, चेष्टा नाही. अंगठा गेलाय माझा. टाचणी टोचली तरी कळत नाही. डॉक्टरबाईंनी तपासलं."

बायकोने मान हलवली. "पथ्य सांगितलं असेल. उद्यापासून बघते," ती म्हणाली आणि त्यांना आणखी भाजी वाढली. अगं बाई नाही, अरे देवा नाही. कोणता अंगठा, हेसुद्धा विचारलं नाही. हे मिस्त्रींच्या लक्षात आलं, पण त्याचं काय करायचं ते लगेच उमगलं नाही.

"डॉक्टरबाईंचा पंप तेवढा करून द्या आधी," तिने पुढे जोडलं. "मग काय बंद करायचं ते करा."

जेवण झाल्यावर मिस्त्री भिंतीवरच्या तारेपाशी गेले. प्रत्येक पंपाला ते पुठ्ठ्याचा तुकडा बांधत, त्यावर गाडी कोणाची आणि पंप कधी जोडला ते लिहीत, आणि पंप गेला की तो पुठ्ठा तारेत ओवून ठेवत. दोन वर्षं म्हणजे दोन वर्षांतला प्रत्येक पंप संशयाचा. ज्यांचे पंप केले त्या सगळ्यांना गाठून सांगायला हवं होतं, की बाबांनो, तुमची गाडी घाटात बंद पडण्याआधी पंप दुसऱ्या कोणाकडून तरी बघून घ्या. सांगणं अवघड होतं. पण सांगायला हवं होतं. ते पुठ्ठे काढून बाकावर मांडायला लागले. नव्वदच्या वर निघाले.

आणि मग मिस्त्री थांबले. दोन वर्षं अंगठा मेलेला, तर नव्वदातले तीस-चाळीस तरी बोंबलत परत यायला हवे होते. आले तीनच. टेम्पोचा, बाईंचा, जीपवाल्याचा. त्यांनी ते तीन पुठ्ठे बाजूला काढून तारखा पाहिल्या. तिन्ही एकाच आठवड्यातल्या होत्या. ज्या आठवड्यात ते अंडी खात होते.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी गत झाली होती. तरी मनाला पटेना. बायको पंपाच्या दोन भागांमध्ये बसणारे गॅस्केटचे कागद कापून द्यायची, हे खरं. नखं कापायच्या छोट्या कात्रीने ती असा काही गोल कापायची, की छापील वाटावा. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत हाताखाली कोणी नसे, तेव्हा दांडी धरायलाही यायची. पण पंप? पंप तिने कधी उघडला होता?

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाईंकडे उपाशीपोटी रक्त देऊन आल्यावर मिस्त्रींनी जीपवाल्याचा पंप घेतला. झडपा नव्या घातल्या, आणि एका झडपेखाली मुद्दाम सुतळीचा एक तंतू ठेवला, केसाएवढा. पंप जोडला, अंगठा लावला, डोळे मिटले, आणि मोठ्याने म्हणाले, "झाला एकदाचा! चांगला धरतोय." पंप फळीवर ठेवला. "अगं, मी अंघोळीला जातो."

"पाणी तापलंय," आतून उत्तर आलं.

न्हाणीघरात जाऊन त्यांनी बादलीत नळ सोडला, आणि टॉवेल गुंडाळून मागच्या बोळातून दुकानाच्या खिडकीपाशी आले. या वयात स्वतःच्याच घरात चोरासारखं डोकावायचं म्हणजे लाजच, त्यात शेजारची मांजर भिंतीवर बसून सगळं बघत होती.

बायको आली. कमरेच्या फडक्याला हात पुसले. फळीवरचा पंप उचलण्याआधी तिने तो कसा ठेवलाय, दांडी कोणत्या बाजूला आहे, ते नीट पाहून घेतलं. मग अंगठा लावला आणि दांडी तीनदा हलवली. तिचे ओठ हलत होते. सहावर ती थांबली आणि तिने जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं. आत गेली, पिठाच्या डब्यामागून एक छोटा स्क्रू ड्रायव्हर आणि भुवयांचा चिमटा घेऊन आली. उभ्यानेच, वाकून, तिने सहा स्क्रू काढले. सुट्या होणाऱ्या दोन भागांवर खडूने आधी खूण करायला ती विसरली नाही. झडप उचकटून तंतू चिमट्यात धरला, खिडकीच्या उजेडात पाहिला.

"अहो, काय हे," ती स्वतःशीच म्हणाली. "एवढी सुतळी दिसली नाही तुम्हाला?"

त्यात राग नव्हता. मुलाच्या शर्टाचं चुकीच्या काजात गेलेलं बटण सोडवताना आई बोलते, तसं ती बोलत होती. जोडताना तिने कोपराने दांडी पूर्ण दाबून धरली आणि मगच स्क्रू आवळले, म्हणजे पडद्याला ताण बसत नाही. हे मिस्त्रींनी तिला कधीच शिकवलं नव्हतं. बघून बघून शिकली होती. पुन्हा अंगठा, पुन्हा पंधरा. या वेळी ओठ शेवटपर्यंत हलले. खडू पुसून तिने पंप होता तसा, होता तिथे, दांडी त्याच बाजूला करून ठेवला, आणि गुडघ्यावर हात देत सरळ झाली.

न्हाणीघरात बादली भरून वाहत होती. मिस्त्रींनी अंगावर पाणी घेतलं. आधी त्यांना संताप आला. आपल्याला कोणी मूर्ख बनवलं असं वाटून येतो, तसा. दुसऱ्या तांब्याला लाज वाटली. तिसऱ्या तांब्याला नव्वद पुठ्ठे आठवले. नव्वद वेळा ती अशी वाकून उभी राहिली असेल. नव्वद वेळा ते अंघोळ करून, भांग पाडून आले असतील आणि फळीवरच्या पंपाकडे बघून स्वतःवरच खूश झाले असतील. मिस्त्री तिथेच पाटावर बसले, आणि डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी अंघोळीच्या पाण्यात खपवलं.

दुपारी डॉक्टरबाई पंप न्यायला आल्या. शेजाऱ्याच्या गाडीतून उतरून त्या बाकासमोर उभ्या राहिल्या. मिस्त्रींनी नुकताच पंप जोडला होता. त्यांनी अंगठा लावला नाही.

"अगं, जरा बाहेर ये."

बायको फडक्याला हात पुसत दारात आली.

"हा तपास."

"मी?" बायकोने आधी डॉक्टरबाईंकडे पाहिलं, मग मिस्त्रींकडे. "मला काय कळतंय त्यातलं?"

"सुतळी कळते ना? तेवढं पुरे."

बायकोचा चेहरा उतरला, मग लाल झाला. ती दाराची चौकट धरून उभी राहिली. मिस्त्रींनी स्वतःचं स्टूल ओढून तिच्यासमोर ठेवलं.

"बस. उभ्याने गुडघे धरतात तुझे. मी दांडी हलवतो."

ती बसली. मिस्त्रींच्या स्टुलावर ती आजवर कधी बसली नव्हती. तिने अंगठा लावला, मिस्त्रींनी दांडी हलवली, एक, दोन, तीन. डॉक्टरबाईंनीसुद्धा श्वास धरल्यासारखं केलं, आणि त्यांना गप्प बसणं किती जड जातं हे सगळ्यांना माहीत होतं.

"नाही," बायको हळूच म्हणाली. मग जरा घसा खाकरून, नीट म्हणाली, "नाही. बारानंतर सुटतोय. बाहेरची झडप असेल."

गिऱ्हाइकासमोर मिस्त्रींच्या पंपाला नाही म्हणणारं त्या दुकानात आजवर कोणी जन्माला आलं नव्हतं. मिस्त्रींनी निमूट पंप उघडला. बाहेरच्या झडपेची बैठक एका जागी किंचित खरवडलेली होती. चष्मा वर करून, भिंग लावून पाहिलं तेव्हा दिसली. त्यांनी ती घासून गुळगुळीत केली, झडप बसवली, पंप जोडला आणि पुन्हा तिच्यापुढे धरला. या वेळी ती पंधरावर थांबली नाही, वीसपर्यंत गेली.

"द्या त्यांना," ती म्हणाली.

"बाई, हा हिने तपासलाय," मिस्त्री डॉक्टरबाईंना म्हणाले. "आणि हाच नाही. दोन वर्षं माझ्या नावावर हिचंच काम खपलं. ही दहा दिवस गावाला गेली आणि माझं पितळ उघडं पडलं. परत आला तर आता हिला बोला."

"अहो, काहीतरीच काय!" बायको म्हणाली.

"काहीतरीच नाही. खरं ते सांगतोय."

डॉक्टरबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मी तुम्हाला गेज घ्या म्हणून सांगणार होते."

"गेज आहे घरात," मिस्त्री म्हणाले. "आणि ते बोलतंसुद्धा. फारच बोलतं."

बाई खदखदून हसल्या, पंप घेतला, रक्ताचा निकाल संध्याकाळी येईल म्हणून बजावलं आणि गेल्या. दुकानात दोघंच उरली. बायको स्टुलावरून उठली नाही.

"कधी कळलं तुला?" मिस्त्रींनी विचारलं.

"दोन वर्षं झाली. तुम्ही पेपर वाचत होतात. अंगठ्यात तारेचा तुकडा रुतलेला दिसला. मी तो चिमट्याने ओढून काढला, रक्त आलं, पुसलं, तरी तुम्ही पेपरातून मान वर काढली नाहीत. वर मलाच बातमी वाचून दाखवलीत."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर त्याच दिवशी दुकान बंद केलं असतंत. मला माहीत नाही का तुम्ही? नाकावर माशी बसू देत नाही." ती बाकावरचे स्क्रू उगाचच ओळीने लावत राहिली. "मला काय, दोन मिनिटांचं काम. तुम्ही फळीकडे बघून शीळ घालायचात, ते बरं वाटायचं."

मिस्त्रींनी तिचा हात उचलला. स्वयंपाकाच्या, धुण्याच्या हाताला पेट्रोलचा वास येत होता. घरभर तोच वास, म्हणून इतक्या दिवसांत कधी निराळा जाणवला नव्हता. नुसत्या अंगाच्या साबणाने धुऊन धुऊन अंगठ्याचं टोक पांढरं पडलं होतं आणि त्याला बारीक भेगा गेल्या होत्या.

"आधी रॉकेलने पुसायचं असतं, मग साबण," ते म्हणाले. "आणि मग मलम. हे मी तुला शिकवायला हवं होतं."

त्यांनी कपाटातून मलमाची डबी आणली, पट्टी बांधलेल्या अंगठ्याने थोडं मलम काढलं आणि तिच्या भेगांवर चोळायला लागले.

"झोंबतंय. हळू चोळा ना."

"हळूच चोळतोय."

"कुठे हळू? कातडं सोलून निघेल."

"मला काय कळतंय!" मिस्त्री म्हणाले. ते ऐकून तिलाच आधी हसू फुटलं.

"मग डाव्या हाताने लावा," ती म्हणाली.

मिस्त्रींनी हात बदलला. डाव्या अंगठ्याला अजून कळत होतं. तिच्या भेगा खरखरीत लागल्या. मलम जिरून गेलं, तरी बराच वेळ ते तिचा हात धरून बसून राहिले.